आठ दिवसांत बुडालेलं शहर

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर होडी पाण्यात लोटण्याआधी तांडेल तिच्याभोवती एक फेरी मारतो. फळ्यांच्या सांधींवरून बोट फिरवतो, कुठे कापूस सुटलाय का ते बघतो, बूच घट्ट आहे का ते चाचपतो. माझे आजोबा म्हणायचे, "होडी किनाऱ्यार आसा तवसर काय ता बघून घे. दर्यात गेल्यार मगे दर्या बघता."

डिसेंबर 2020 मध्ये जगातल्या सर्वांत गाजावाजा झालेल्या गेमची होडी पाण्यात उतरली आणि आठ दिवसांत एका मोठ्या दुकानाने ती परत बाहेर काढली. गेमचं नाव 'सायबरपंक 2077'. माझा भाचा त्या वर्षी बारावीत होता. मुंबईच्या चाकरमानी काकाने वापरून दिलेला जुना प्लेस्टेशन 4 ही त्याची सगळ्यात मोठी मालमत्ता. या गेमसाठी तो दोन वर्षं पैसे साठवत होता. त्याच्यामुळे मीही या घटनेच्या मागे लागलो. खाली दिलेला घटनाक्रम भारतीय वेळेनुसार आहे. 'उरले' म्हणजे होडी बाहेर काढली गेली त्या 18 डिसेंबरच्या सकाळपर्यंत उरलेला वेळ.

11 नोव्हेंबर 2011 | उरले : नऊ वर्षं

सुरुवात इतक्या मागे जाऊन करतोय, कारण पहिला इशारा तेव्हाच मिळाला होता. या दिवशी 'स्कायरिम' बाजारात आला. रोल-प्लेइंग गेम म्हणजे नुसती शर्यत जिंकणं नव्हे. तुम्ही एका माणसाचं आयुष्य जगता आणि तुम्ही काय केलंत ते गेम लक्षात ठेवतो. कुणाला मारलंत, कुणाला शब्द दिलात, टेबलावरची कोणती वाटी उचलून कुठे ठेवलीत, हे सगळं 'सेव्ह फाइल'मध्ये जातं. मूळ जगात आणि तुमच्या जगात काय काय फरक पडला, त्याची ती वही असते. जितकं खेळाल तितकी वही जाड होते.

पीसीवर ही वही पेलायला जागा होती. प्लेस्टेशन 3 ची मेमरी मात्र 256 मेगाबाइटच्या दोन वेगळ्या कप्प्यांत विभागलेली होती. एका कप्प्यात जागा संपली तर दुसऱ्यातली मोकळी जागा सहजी कामी येत नसे. त्यामुळे पन्नास-साठ तास खेळलेल्यांचा गेम अडखळू लागला, काहींचा तर पाऊल टाकायलाही तयार होईना. ज्यांनी त्या जगावर सर्वांत जास्त जीव लावला, त्यांनाच सर्वांत जास्त त्रास झाला. गेम तोच, पण प्रत्येक यंत्र म्हणजे वेगळा दर्या, हे तेव्हापासून साऱ्या धंद्याला ठाऊक होतं.

10 जून 2019 | उरले : दीड वर्ष

लॉस एंजेलिस. गेमच्या मोठ्या प्रदर्शनात अभिनेता कियानू रीव्ह्ज मंचावर येतो आणि तारीख जाहीर होते : 16 एप्रिल 2020. गेम बनवतेय पोलंडमधल्या वॉर्सॉची 'सीडी प्रोजेक्ट रेड', जिच्या 2015 सालच्या 'विचर 3' ने लोकांचा विश्वास कमावला होता. गोष्ट घडते ती नाइट सिटी नावाच्या शहरात. माइक पाँडस्मिथ यांनी 1988 मध्ये कागद-फाशांच्या खेळासाठी हे जग रचलं होतं.

या दिवशी तारीख विकली गेली. गेम अजून बनायचा होता.

16 जानेवारी 2020 | उरले : 11 महिने

तारीख पुढे जाते : 17 सप्टेंबर. जूनमध्ये ती आणखी पुढे सरकते : 19 नोव्हेंबर. मधल्या काळात साथ पसरलेली, लोक घरून काम करताहेत. भाचा म्हणाला, "होवंदे उशीर, पण बरो होवंदे." लाखो खेळणाऱ्यांचं म्हणणं तेच होतं. तारीख पुढे ढकलणं हा गुन्हा नाही, आपला दर्या तर दरवर्षीच ते करायला लावतो.

3 ऑगस्ट 2020 | उरले : साडेचार महिने

नारळी पौर्णिमा. 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी संपलेली, दर्याला नारळ दिलेला. बंदीनंतरच्या पहिल्या दिवसांत कोळंबीला भाव असतो. दोन महिने हाताला काम नसलेल्या माणसाला एकेक दिवस मोलाचा. शेजारच्या होड्या पहाटेच बाहेर पडल्या. माझ्या भावोजींनी होडी पाण्यात लोटून पाहिली, आत वाकून तळाच्या फळीवर तळहात टेकला आणि तो वर करून दाखवला. तळहात ओला होता.

"पाणी घेता हा. आज नको."

होडी वर ओढली. जुना कापूस उकरून काढला, नवा ठासला, तेल लावलं, उन्हात ठेवली. चार दिवस गेले. घरात उधारीचे तांदूळ होते आणि कुणी बोलून दाखवलं नाही तरी चिंता सगळ्यांनाच होती. पाचव्या दिवशी ते गेले. हा प्रसंग इथे सांगतोय, कारण पुढच्या साडेचार महिन्यांत वॉर्सॉमध्ये ओला तळहात वर झाला होता, पण होडी वर ओढली गेली नाही.

सप्टेंबर 2020 ची अखेर | उरले : अडीच महिने

बातमी येते की, स्टुडिओत आठवड्याचे सहा दिवस काम सक्तीचं झालंय. आदल्याच वर्षी व्यवस्थापनाने म्हटलं होतं की, जादा कामाची सक्ती करणार नाही. बग, म्हणजे गेममधल्या चुका, शोधण्याचं काम थकलेल्या डोळ्यांनी होत नाही. एक दुरुस्ती केली की तिच्यामुळे दुसरीकडे काय उसवलं ते पाहावं लागतं आणि ते पाहायला शांत डोकं लागतं.

5 ऑक्टोबर 2020 | उरले : 74 दिवस

गेम 'गोल्ड' झाल्याची घोषणा. पूर्वी याचा अर्थ काम संपलं असा होता, कारण एकदा डिस्क छापली की तिच्यात बदल शक्य नसे. आता डिस्क छापायला जाते आणि मागे दुरुस्ती चालूच राहते. राहिलेलं सगळं पहिल्याच दिवशी पॅच म्हणून इंटरनेटवरून पाठवायचं, असा हिशेब असतो. प्लेस्टेशन 4 साठीचा हा गेम दोन डिस्कवर आला. पॅच कितीही मोठा असला तरी वेगवान इंटरनेटवाल्या शहरात तो तासाभरात उतरतो. आमच्याकडे ढग आले की रेंज जाते. 'डिस्क घे, बाकीचं मागाहून पाठवतो' या वचनाची खरी किंमत गावातला पोरगा मोजतो.

26 ऑक्टोबर 2020 | उरले : 53 दिवस

एक चाहता गेमच्या अधिकृत खात्याला विचारतो, आता तारीख नक्की ना? उत्तर मिळतं : नक्की, आता आणखी उशीर नाही.

27 ऑक्टोबर 2020, रात्र | उरले : 52 दिवस

दुसऱ्याच दिवशी पिवळ्या पार्श्वभूमीवरचं निवेदन : आणखी 21 दिवस उशीर, नवी तारीख 10 डिसेंबर. कारणही दिलेलं आहे. जुने कन्सोल (प्लेस्टेशन 4 सारखी यंत्रं), नवे कन्सोल आणि पीसी या सगळ्यांसाठी मिळून एकाच वेळी नऊ आवृत्त्या तयार करून तपासायच्या आहेत, तेही घरी बसून.

या संपूर्ण घटनाक्रमात मला महत्त्वाची वाटते ती हीच रात्र. नऊ दर्यांत नऊ होड्या एकाच पहाटे लोटायच्या, हे त्यांनी स्वतः लिहिलं होतं. त्यातल्या काहींत पाणी शिरतंय हे तेव्हा दिसत होतं. पीसीची आवृत्ती आधी काढून जुन्या कन्सोलची नंतर काढणं शक्य होतं. पण तारखेला नाताळच्या खरेदीची घाई होती आणि जाहिराती लागलेल्या होत्या.

वेगवेगळ्या वेळी उतरणं हे काही अघटित नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या चमूचा 'राजी' त्याच वर्षी 18 ऑगस्टला आधी निंटेंडो स्विचवर आला आणि पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर पोहोचला तो 15 ऑक्टोबरला. पुढे 2023 मध्ये 'बाल्डर्स गेट 3' सारखा महाकाय रोल-प्लेइंग गेम ऑगस्टमध्ये पीसीवर, सप्टेंबरमध्ये प्लेस्टेशन 5 वर आणि एक्सबॉक्सच्या स्वस्त यंत्रावर नीट चालेना म्हणून तिथे थेट डिसेंबरमध्ये आला. उशीर झाला, पण जिथे उतरला तिथे उभा राहिला.

7 डिसेंबर 2020, रात्र | उरले : सुमारे 250 तास

समीक्षा प्रसिद्ध होतात. गुण उत्तम, बहुतेक ठिकाणी नव्वदच्या आसपास. पण समीक्षकांना दिली होती फक्त पीसीची आवृत्ती, आणि स्वतः टिपलेली दृश्यं दाखवायची त्यांना परवानगी नव्हती. जुन्या कन्सोलवर गेम कसा दिसतो ते बाहेरच्या जगाने पाहिलेलंच नव्हतं.

त्याच दिवशी एक समीक्षक लिहिते की, गेममधल्या एका दृश्यातल्या वेगाने लुकलुकणाऱ्या दिव्यांमुळे तिला अपस्माराचा झटका आला. कंपनी इशारा वाढवते, आणि 11 तारखेच्या पॅचमध्ये ते दृश्य सौम्य केलं जातं. इथे प्रश्न खेळणाऱ्याच्या प्रकृतीवर बेतण्याइतका गंभीर होता.

10 डिसेंबर 2020, मध्यरात्र ते पहाट | उरले : सुमारे 195 तास

कन्सोलवर ज्या त्या देशाच्या मध्यरात्री, आणि पीसीवर साऱ्या जगात एकाच क्षणी, म्हणजे आपल्याकडे पहाटे 5:30 ला गेम उघडतो. 80 लाख प्रती आधीच विकल्या गेलेल्या. खर्च वसूल झालेला. एकट्या 'स्टीम' या पीसीच्या दुकानातून एकाच वेळी 10 लाखांहून अधिक लोक नाइट सिटीत शिरतात.

मी त्या वेळी दांडीवर होतो. अंधार होता, रापणकर दोराला लागले होते. भाचा माझ्याशेजारी मोबाइलच्या उजेडात उभा. "मामा, घेव काय?" त्याच्याकडे पैसे तयार होते. मी म्हटलं, एक दिवस थांब, तुझ्याच यंत्रावर कुणी खेळून दाखवू दे.

10 डिसेंबर, रात्र | उरले : सुमारे 180 तास

दाखवलं. दिवसभरात जुन्या कन्सोलवरच्या चित्रफिती जगभर फिरू लागल्या. माणसं बुजगावण्यासारखी हात पसरून उभी. हातातल्या वस्तू हवेत तरंगताहेत. इमारती आधी मेणाच्या गोळ्यासारख्या दिसतात, त्यांच्यावरच्या रेघा मागाहून उमटतात. गुन्हा केला की पोलीस जमिनीतून उगवल्यासारखे पाठीशी हजर. सेकंदाला 30 चित्रं दिसायला हवीत तिथे कित्येक ठिकाणी 20 सुद्धा दिसत नाहीत. आणि मध्येच सगळं बंद, पडद्यावर त्रुटीचा क्रमांक. काही लोकांना हे तासातासाला होत होतं.

कारण समजायला सोपं आहे. नाइट सिटी इतकी दाट की ती एका वेळी मेमरीत मावत नाही. तुम्ही गाडी हाकाल तसतशी पुढची गल्ली डिस्कवरून उचलून आणावी लागते. नव्या पीसीतली साठवण वेगवान असते. 2013 च्या प्लेस्टेशन 4 मध्ये गोल फिरणारी हार्ड डिस्क, 8 जीबी मेमरी आणि तेव्हाही दुबळा मानला गेलेला प्रोसेसर. आंगणेवाडीच्या जत्रेला एका विहिरीतून एका कळशीने पाणी पुरवायला सांगावं, तशी ती गत. कळशी धावते, पण माणसं तिच्यापेक्षा वेगाने येतात. मग कुठे भिंत उशिरा येते, कुठे माणूस अर्धवट येतो आणि शेवटी सगळंच कोलमडतं.

भाच्याने पैसे परत डब्यात ठेवले. तो काही बोलला नाही.

14 डिसेंबर 2020, दुपार | उरले : सुमारे 90 तास

पुन्हा पिवळं निवेदन. या वेळी माफी. जुन्या कन्सोलवरची आवृत्ती आधी दाखवायला हवी होती आणि तिच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवं होतं, हे मान्य. जानेवारी आणि फेब्रुवारीत मोठे पॅच देऊ, तोवर थांबायचं नसेल तर पैसे परत मागा, असं आश्वासन. पण पैसे परत करणं दुकानांच्या हातात होतं आणि कुणाला किती दिवसांत मिळणार, याचा मेळ बसलेला नव्हता. लोक एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरू लागले.

14 डिसेंबर 2020, रात्र | उरले : सुमारे 80 तास

गुंतवणूकदारांशी बोलताना कंपनीचे एक प्रमुख अ‍ॅडम किचिन्स्की मान्य करतात की, जुन्या कन्सोलसाठी आणखी वेळ हवा असल्याचे इशारे मिळत होते आणि आम्ही त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. गेम बहुतेक वेळा पीसीवरच दाखवला, हेही ते सांगतात.

ओला तळहात त्यांना दिसला होता. प्रश्न तपासणाऱ्यांच्या कुवतीचा नव्हताच. वर बसलेल्यांनी तळहाताकडे न पाहता दिनदर्शिकेकडे पाहिलं.

18 डिसेंबर 2020, सकाळ | उरले : शून्य

सोनी आपल्या प्लेस्टेशन दुकानातून गेम काढून टाकते आणि मागेल त्याला पूर्ण पैसे परत द्यायचं जाहीर करते. इतक्या मोठ्या गेमवर अशी वेळ क्वचितच आली असेल. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टही परताव्याचे नियम सैल करते. कंपनीचा शेअर कोसळतो. अमेरिकेत गुंतवणूकदारांचा पहिला दावा आठवड्याभरात दाखल होतो.

23 डिसेंबर 2020 | नंतर : पाच दिवस

जो बग मला सर्वांत जास्त लागला, तो कन्सोलवरचा नव्हताच. पीसीवर सेव्ह फाइल 8 मेगाबाइटच्या पुढे गेली की ती बिघडायची आणि पुन्हा उघडत नसे. जे भरभरून खेळले, वस्तू जमवत गेले, घडवत गेले, त्यांचीच वही फाटत होती. सामान कमी बाळगा, असा सल्ला त्यांना मिळाला. 23 तारखेच्या दुरुस्तीने ही मर्यादा काढली, पण सोबत स्पष्ट लिहिलं होतं की, आधी बिघडलेल्या फाइली यामुळे परत येणार नाहीत.

2004 च्या पावसाळ्यात आमच्या घरच्या पीसीवर मी एक जुना रोल-प्लेइंग गेम खेळत होतो. एका संध्याकाळी 'सेव्ह' दाबलं आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. जुनी नोंद पुसली गेली होती, नवी लिहून पूर्ण झाली नव्हती. वीज आल्यावर बघतो तर फाइल शिल्लक होती, तिचा आकार शून्य. चाळीस तास. आई म्हणाली, खेळच होता ना. तिचं खरं होतं, पण ते चाळीस तास माझे होते. बाहेर पाऊस पडत असताना मी ज्या माणसाचं आयुष्य जगलो, तो माणूस त्या संध्याकाळी गेला. सेव्ह फाइल बिघडणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगावं लागत नाही. गेम बनवणाऱ्याच्या हाती खेळणारा पैशांआधी आपला वेळ ठेवतो.

13 जानेवारी 2021 | नंतर : 26 दिवस

कंपनीचे एक संस्थापक मार्चिन इविन्स्की चित्रफितीत समोर येतात. आधी पीसीवर भव्य दिसेल असा गेम बनवला आणि मग तो जुन्या कन्सोलवर बसवायला घेतला, हे काम किती अवघड आहे याचा अंदाज चुकला, असं सांगतात. निर्णय वरच्यांचा होता, काम करणाऱ्यांना दोष देऊ नका, असंही म्हणतात. ते शेवटचं वाक्य ऐकून मला बरं वाटलं. सहा-सहा दिवस राबलेल्यांच्या माथी हे पाप मारलं गेलं नाही.

21 जून 2021 | नंतर : सहा महिने

शेकडो दुरुस्त्यांनंतर गेम प्लेस्टेशनच्या दुकानात परत येतो. सोबत सूचना : शक्यतो प्लेस्टेशन 4 प्रो किंवा प्लेस्टेशन 5 वर खेळा. म्हणजे साध्या प्लेस्टेशन 4 वाल्याने अजूनही जपूनच राहावं.

21 सप्टेंबर 2023 | नंतर : पावणेतीन वर्षं

'2.0' नावाचं अद्ययावतन येतं. पोलीस बदलले, कौशल्यांची रचना बदलली, शहर खरोखर जगू लागलं. ज्यांनी झोडपलं होतं त्यांनीच पाठ थोपटली, आणि ते योग्यच होतं. बुडालेली होडी इतकी मेहनत घेऊन वर काढणारे फार थोडे. जे तिथे टिकून राहिले आणि दुरुस्त करत गेले, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण 2.0 प्लेस्टेशन 4 वर आलं नाही. जुन्या एक्सबॉक्सवरही नाही. ती यंत्रं हे पेलू शकणार नाहीत, असा निर्णय झाला होता. तांत्रिक दृष्ट्या तो बरोबर असेल. मात्र हाच निर्णय 27 ऑक्टोबर 2020 च्या रात्री घेता आला असता, त्या यंत्रांसाठी पैसे गोळा करण्याआधी.

भाचा आता वडिलांबरोबर दर्यात जातो. संध्याकाळी तो आजही त्याच जुन्या कन्सोलवर बसतो, दुसरे गेम खेळतो, आणि दर वेळी तीन वेगवेगळ्या जागी सेव्ह करतो. मी त्याला 2.0 ची बातमी वाचून दाखवली. त्याने ती शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "मामा, मगे ज्येंनी पयले पैसे भरले, तेंचा काय झाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो होडीभोवती फेरी मारत होता. सांधींवरून बोट फिरवून झाल्यावर तो आत वाकला, तळाच्या फळीवर तळहात टेकला आणि वर करून वडिलांना दाखवला. कोरडा होता. मग त्यांनी होडी लोटली.